सोसायटीत बोलायचं कसं? शेजारी, कमिटी आणि व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या कमिटीवर बसलं की लोक गळती, पार्किंग, पाणी असे विषय घेऊन येतात. थोडा वेळ ऐकून घेतलं की लक्षात येतं, गळती वाटीभर आहे आणि तिच्यावरून झालेली बोलाचाली टाकीभर. खालचे प्रश्न ठाणे-डोंबिवलीपासून पुण्यापर्यंतच्या सोसायट्यांमध्ये सतत कानावर येतात. उत्तरांमागे माझा एकच हट्ट आहे: ती गोष्ट दुरुस्त करणं ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी सगळ्यात आधी बोला. बाकीच्यांशी नंतर, आणि जमलं तर नाहीच.

प्र. माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. वरच्यांना सांगायचंय, पण सुरुवात कशी करू?

आधी स्वतः नीट बघा. ओल नेमकी कुठे आहे? वरच्यांच्या अंघोळीच्या वेळी वाढते का? फक्त पावसाळ्यात येते की मे महिन्यातही असते? तीन-चार दिवस एकाच जागेवरून मोबाइलवर फोटो काढा. 'खूप गळतंय हो' असं म्हणण्यापेक्षा 'तुमच्या नहाणी ट्रॅपच्या खाली हातभर डाग आहे आणि सकाळी नऊनंतर थेंब पडतात' असं सांगितलं, की समोरच्याला काय शोधायचं ते कळतं. 'खूप' म्हणजे किती यावर वाद घालता येतो. हातभर डागावर घालता येत नाही.

मग वेळ. सकाळी आठला बेल वाजवाल तर डबे भरायची घाई, रात्री साडेनऊला जेवणं. रविवारी अकराच्या सुमारास बहुतेक घरं माणसात असतात. आधी फोन करा: 'काकू, पाच मिनिटं येऊ का? बाथरूमच्या ओलीचं जरा दाखवायचंय.' विषय आधीच कळला की दार उघडणारा गोंधळत नाही, आणि 'हे आत्ता कशाला आले?' हा भाव चेहऱ्यावर येत नाही.

दारात साधारण असं बोला: 'काका, आमच्या बाथरूमच्या छताला महिनाभर ओल आहे. हे फोटो बघा. तुमच्या बाथरूममधून येतंय की डक्टमधल्या पाइपातून, ते मला कळत नाहीये. एकदा प्लंबरला घेऊन दोन्हीकडे बघूया का? शनिवारी चालेल?' यात आरोप नाही, माहिती आहे, आणि शेवटी ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न आहे. 'तुमच्यामुळे आमचं घर खराब झालं' हे वाक्य खरं असलं तरी त्या दिवशी उपयोगाचं नाही. ते ऐकलं की माणूस पाइप विसरतो आणि स्वतःचा बचाव करायला लागतो.

जमलं तर त्यांना खाली बोलवा. वरच्या घरातल्या माणसाने खालचं बाथरूम बहुधा कधी पाहिलेलंच नसतं. फोटोत डाग दिसतो, पण तो कुबट वास आणि कपाटामागचं फुगलेलं प्लास्टर फोटोत येत नाही. 'वाढवून सांगतायत' असं वर बसून म्हणणारे काका खाली येऊन छताला बोट लावतात, बोट ओलं होतं, आणि पुढचं बोलणं प्लंबरच्या वेळेवर येतं.

पैसे कोणी द्यायचे हा विषय पहिल्या भेटीत काढू नका. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीचे सरकारी नमुना नियम) गच्ची, बाहेरची भिंत किंवा सामायिक पाइप यांतून येणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमधून येणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. म्हणजे पाणी कुठून येतंय हे ठरल्याशिवाय पैशांवर भांडणं म्हणजे नुसताच घसा बसवणं.

प्र. पण ग्रुपवर फोटो टाकला की दोन तासांत हालचाल होते. मग त्यात वाईट काय?

हालचाल होते, पण कशाची ते बघा. ज्याच्या घरातून गळतंय तो तेव्हा ऑफिसात असतो. संध्याकाळी ट्रेनमध्ये मोबाइल उघडतो तर साठ मेसेज. त्यात चार 'अगदी बरोबर', एक 'आमच्याकडेही हेच', दोन जोडलेले हात, आणि मध्येच कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक. आता तो उत्तर गळतीचं देणार की अब्रूचं? अब्रूचं. प्लंबरचा नंबर शोधायच्या आधी तो जुनी खाती उघडतो: तुमच्या मुलाने लिफ्टच्या दारावर बॉल मारला होता, तुमची स्कूटर त्याच्या जागेत उभी होती. गळती तिथेच राहते आणि ऐंशी घरांना एक मालिका मिळते.

अपवाद आहेत. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय, मीटर रूममधून धूर येतोय, टाकी ओसंडून वाहतेय, अशा वेळी ग्रुपवर टाकाच, आणि शिवाय फोनही करा. (धुराच्या बाबतीत पहिला फोन १०१ ला, ग्रुप नंतर.) अशा वेळी नेमकं कोण धावून येऊ शकेल हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून सगळ्यांना हाक मारायची. गळतीच्या बाबतीत ते पक्कं माहीत असतं.

प्र. रागात टाकलेला मेसेज नंतर पुसला तर?

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवरून पुसता येतो. पण मेसेज डिलीट केल्याची ओळ मागे उरतेच, आणि ती बघून लोक मूळ मेसेजपेक्षा जास्त उत्सुक होतात. शिवाय स्क्रीनशॉट काढणारा एक तरी सभासद प्रत्येक मजल्यावर असतो. पुसलाच तर खाली लिहा: 'मेसेज काढला आहे, संबंधितांशी बोलतो आहे.' विषय तिथेच थांबतो.

प्र. मी ग्रुपचा ॲडमिन आहे. नुसता वैताग आहे. काय करू?

दोन ग्रुप करा. एक सूचनांचा. त्यात फक्त ॲडमिननी लिहायचं. ही सोय २०१८ पासून आहे. पाणी उद्या दहा ते दोन बंद, लिफ्टची सर्व्हिसिंग शनिवारी, एवढंच. दुसरा गप्पांचा. तिथे सुप्रभात, फॉरवर्ड, आंब्याच्या पेट्या, कामवाल्या मावशींची चौकशी, सगळं चालू दे. जो दुसऱ्यात नको म्हणेल त्याला आग्रह नको.

'कोणी आक्षेपार्ह टाकलं तर माझ्यावर येईल का' ही भीतीही सतत असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचं दिसत नसेल, तर दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तरी असा मजकूर दिसला तर त्या माणसाला फोन करून काढायला लावा. ग्रुपवर त्याला झाडू नका. ग्रुपवर झाडलेला माणूस त्याच ग्रुपवर उत्तर देतो.

प्र. वरच्या मजल्यावर रात्री अकराला धाडधाड आवाज येतात. लगेच जाऊन सांगावं का?

आजारी माणूस घरात असेल किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल, तर त्या रात्रीपुरती इंटरकॉमवरून विनंती करा: 'आईला आत्ताच डोळा लागलाय, जरा खुर्च्या सरकवणं थांबवाल का?' मूळ तक्रार मात्र दुसऱ्या दिवशी उजेडी. रात्री अकराला दोन्ही बाजू थकलेल्या असतात, आणि जिन्यात आवाज चढला की शेजारची दारं उघडतात. प्रेक्षक आले की माघार घेणं अवघड.

दुसऱ्या दिवशी गेल्यावर पुष्कळदा कळतं, की वर लहान मूल आहे, वडील दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी येतात आणि मूल तेव्हाच त्यांच्याशी खेळतं. मग जाड सतरंजी, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं, साडेदहानंतर बॉल बंद असं काही ठरवता येतं. कारण माहीत नसतं तेव्हा आपण ते स्वतःच बनवतो, आणि आपण बनवलेलं कारण नेहमी 'मुद्दाम करतायत' हेच असतं.

नियम हवाच असेल तर: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. लाउडस्पीकर आणि डीजेच्या बाबतीत हा नियम कामाचा. पोळपाट-लाटण्याच्या आवाजासाठी डेसिबल मोजायचं ॲप घेऊन वर जाणाऱ्या माणसाला मी हात जोडतो.

प्र. सेक्रेटरी 'बघतो' म्हणाले. पंधरा दिवस झाले, काही नाही. आता?

तुम्ही सांगितलं तेव्हा ते जिन्यात होते, एका हातात भाजी, कानाला फोन. त्यांनी ऐकलं असेल, समजलं असेल, करायचं ठरवलंही असेल. पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'बघतो' यातली कुठली ते सांगत नाही. म्हणून बोलणं संपण्याआधी तीन गोष्टी पदरात पाडून घ्या: कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत. 'म्हणजे तुम्ही शुक्रवारपर्यंत प्लंबरला फोन करताय आणि शनिवारी मला कळवताय, बरोबर?' असं त्यांचंच बोलणं त्यांना परत ऐकवा. नंतर तेच दोन ओळींत मेसेज करा.

हे कोणाला बालिश वाटेल. विमानवाल्यांना वाटत नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं, की केएलएम या डच कंपनीच्या विमानातून उड्डाणाबद्दल संदिग्ध शब्दांत संदेश गेला. विमानतळाच्या नियंत्रण टॉवरकडून आधी 'ओके' आलं आणि पुढचं 'थांबा, मी सांगतो' हे वाक्य, त्याच क्षणी दुसरं विमान बोलू लागल्यामुळे, रेडिओच्या किंचाळण्यात बुडालं. त्यानंतर वैमानिक आणि टॉवर यांची ठरावीक भाषा आणखी काटेकोर झाली: 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देतानाच (किंवा दिलेली रद्द करताना) उच्चारायचा, आणि महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने नुसतं 'ओके' न म्हणता तीच सूचना परत म्हणून दाखवायची. टाकी साफ करण्याच्या तारखेवरून कोणाचा जीव जात नाही, पण परत म्हणून दाखवायला दहा सेकंद लागतात.

प्र. तक्रार तोंडी करावी की लेखी?

आधी तोंडी, मग लेखी. नुसतं लेखी पाठवलं तर माणूस दुखावतो ('एवढं काय होतं, सांगितलं असतं तर'), आणि नुसतं तोंडी सांगितलं तर कमिटी बदलल्यावर तुमच्या तक्रारीचा जन्मच झालेला नसतो. लेखी अर्ज आला की तो कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठेवून त्यानंतर १५ दिवसांत निर्णय कळवावा, असं आदर्श उपविधींत आहे. जिन्यातल्या बोलण्याला अशी मुदत नाही.

पत्र एका पानात संपवा. काय झालं, कधीपासून, आधी कोणाशी काय बोलणं झालं, आता काय हवं. 'कमिटी झोपली आहे काय?' हे वाक्य लिहायची फार खुमखुमी येते. लिहा, वाचा, खोडा, मग पत्र द्या.

प्र. प्रभावी संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. खरं का?

नाही. हा आकडा इतक्या स्लाइडवरून फिरलाय की आता त्याला जवळजवळ श्लोकाचा मान मिळालाय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून तो आला. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, हे ऐकणाऱ्यांना ओळखायचं होतं. शब्द एक आणि सूर दुसराच असेल तेव्हा आवड-नावड ओळखायला लोक कशावर जास्त विसंबतात, एवढ्यापुरतेच ते शब्दांचे ७, सुराचे ३८ आणि चेहऱ्याचे ५५ टक्के. हे समीकरण भावना आणि आवडीनिवडीबद्दलच्या बोलण्यापुरतं आहे, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे.

शब्द खरंच ७ टक्के असते तर सभेचं इतिवृत्त कशाला लिहिलं असतं? सेक्रेटरींनी हातवारे करून दाखवले असते.

सूर महत्त्वाचा नाही असं मात्र कोणी समजू नये. 'मेंटेनन्स भरला का?' हे चार माणसांसमोर गेटपाशी विचारलं की टोमणा होतो आणि ऑफिसात बसवून विचारलं की चौकशी. शब्द तेच.

प्र. मी कमिटीत आहे. लोक चिडूनच येतात. त्यांच्याशी कसं बोलू?

बसवा. उभा माणूस जास्त वेळ चिडलेला राहतो. पाणी द्या. पहिली दोन-तीन मिनिटं नियम, उपविधी, ठराव यातलं काहीही काढू नका. त्यांचं पूर्ण होऊ द्या आणि मग तुम्हाला काय कळलं ते सांगा: 'म्हणजे तुमची गाडी दोनदा अडकली, दुसऱ्यांदा दवाखान्यात जायचं होतं, आणि वॉचमन म्हणाला मला माहीत नाही. असंच ना?' ते दुरुस्ती करतील: 'दोनदा नाही, तीनदा!' करू द्या. माहिती दुरुस्त करणारा माणूस तुमच्या बाजूने काम करायला लागलेला असतो.

मग तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही ते स्वच्छ सांगा. 'नवी पार्किंगची जागा मी निर्माण करू शकत नाही. पाहुण्यांच्या गाड्यांचा नंबर आणि फोन लिहून घ्यायला उद्यापासून वॉचमनला सांगू शकतो.' लोकांना नकार पचतो. 'करून टाकू' म्हणून टांगून ठेवलेलं पचत नाही.

काही माणसं गळती घेऊन येतात आणि खरं दुखणं वेगळंच असतं: मागच्या गणपतीत वर्गणी घेतली पण आरतीला हाक मारली नाही. ते कधी आपणहून बोलत नाहीत. दोन-तीन विषय एकदम येऊ लागले आणि प्रत्येकात 'आम्हाला कोण विचारतंय' आलं, तर पाइप बाजूला ठेवून सरळ विचारा: 'काका, आणखी काही मनात आहे का?'

प्र. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी भांडणात संपते. काही उपाय?

ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. या १४ दिवसांचा उपयोग कोणी करत नाही, आणि खरं काम तेव्हाच व्हायचं असतं.

दृश्य सगळीकडचं तेच. स्टिल्टमध्ये गाड्या हलवून मांडलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बटाटावड्यांचा खोका, माइक हातात घेतला की कर्रर्र. गणपूर्ती नाही (पुरेसे सभासद आलेले नाहीत) म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू. विषय क्रमांक १: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' इथेच कोणी तरी उठतं: 'मी असं बोललोच नव्हतो!' पाऊण तास गेला. हिशोब येईपर्यंत निम्मे लोक वड्यांकडे, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात वर्षभराची सगळी खदखद.

इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर लवकर, लोकांना आठवत असतानाच, सगळ्यांना पाठवा आणि हरकती लेखी मागवा. अकरा महिन्यांनी कोण काय बोललं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हिशोबावरचे प्रश्न सभेच्या चार दिवस आधीपर्यंत लिहून घ्या. खजिनदार व्हाउचर घेऊन बसला की 'लिफ्टच्या दुरुस्तीला एवढे कसे?' याचं उत्तर दोन मिनिटांत होतं. सभेत अचानक विचारलं की खजिनदार भांबावतो, आणि भांबावलेला माणूस चोर दिसतो. छतावरचं वॉटरप्रूफिंग, पुनर्विकास असा मोठा विषय असेल तर मजल्यामजल्यावर आधी चहा प्या. सभेत लोकांना पहिल्यांदा धक्का बसता कामा नये.

सभेत बोलणाऱ्याने एक मुद्दा, त्याचा आकडा आणि एक मागणी एवढं आणावं. 'पाण्याच्या टँकरवर या वर्षी जास्त खर्च झाला. बोअरवेलच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागवावं असा ठराव मांडतो.' बस. यावर मतदान घेता येतं. 'सोसायटीत कोणाला काही पडलेलंच नाही' यावर काय मतदान घेणार?

अध्यक्षांनी एक शब्दप्रयोग मात्र बंद करावा: 'काही लोक'. 'काही लोक मुद्दाम अडथळे आणतात' म्हटलं की सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळतात, आणि ज्याच्याकडे वळतात त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याचं नाव कोणी घेतलेलंच नसतं. सोसायटीतली निम्मी वैरं या दोन शब्दांतून जन्मलेली आहेत, असं माझं मत आहे. नाव घ्यायची तयारी नसेल तर विषय सोडा.

आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांना थेट विचारा. पाणी किती वाजता येतं आणि कधी जातं, जिना खरंच पुसला जातो की नुसती बादली फिरवली जाते, हे त्यांना माहीत असतं. माइक पुढच्या दोन रांगांतच फिरत राहिला तर ठराव पुढच्या दोन रांगांचेच होतात.

प्र. शेजारच्या आजोबांना कमी ऐकू येतं. ओरडून बोललं तरी समजत नाही.

ओरडू नका. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे शब्दातले स, श, फ, थ असे वारे गळतात आणि स्वर ऐकू येतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, गळलेलं गळलेलंच राहतं, वर 'माझ्यावर का ओरडतोय?' असा गैरसमज. समोर, उजेडात, तोंड दिसेल असं बसा. टीव्ही बंद करा. आवाज जरा खालच्या पट्टीत, सावकाश. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच चौथ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदला. तारीख-वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. सभेत त्यांना लाउडस्पीकरजवळ नव्हे, बोलणाऱ्याजवळ बसवा.

प्र. भाडेकरूंना ग्रुपमध्ये घ्यावं का?

सूचनांच्या ग्रुपमध्ये घ्यावंच. पाणी बंद असल्याचा निरोप पुण्यातल्या फ्लॅटचा मालक अमेरिकेत झोपेत वाचतो आणि भाडेकरू साबण लावून उभा. मतदानाचा हक्क सभासदाचा, हे मान्य. पण नळाचा संबंध राहणाऱ्याशी आहे.

प्र. थकबाकीदाराशी कसं बोलायचं?

एकट्याने, बंद दाराआड, आणि कागद हातात ठेवून. 'किती आहे, किती महिन्यांचं आहे, व्याज किती लागलंय' हे आकड्यात दाखवा. उपविधींप्रमाणे व्याज वर्षाला सरळव्याजाने जास्तीत जास्त २१ टक्के, तेव्हा सोसायटीचाही हिशोब चोख हवा. मग विचारा, 'अडचण काय आहे?' उत्तरं तीन प्रकारची येतात. पैसे नाहीत: हप्ते बांधून लेखी घ्या. पैसे आहेत पण राग आहे: राग कशाचा ते ऐका, आणि तक्रार व वर्गणी वेगवेगळ्या आहेत हे सांगा. पैसेही आहेत, रागही नाही, नुसती सवय आहे: मग वसुलीची नोटीस. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ वरून लोक तिला अजून 'एकशेएकची नोटीस' म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ते कलम १५४ब-२९ झालं.

नोटीस बोर्डावर नावांची यादी लावण्याच्या मी विरुद्ध आहे. निर्ढावलेल्याला तिचं काही वाटत नाही, आणि ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे त्याची मुलं शाळेत जाताना ती वाचतात.

प्र. वॉचमन ऐकत नाही.

एका वॉचमनला किती साहेब आहेत ते मोजा. एक म्हणतो गेट बंद ठेव, दुसरा म्हणतो माझी गाडी आली की उघडंच मिळालं पाहिजे, तिसरा त्याला दूध आणायला पाठवतो. सूचना एकाच माणसाने द्यायची, त्याला येते त्या भाषेत, आणि गेटच्या केबिनमध्ये लिहून लावायची. बाकीच्यांनी त्याला फक्त नावाने हाक मारावी आणि येताजाता दोन शब्द बोलावेत.

प्र. दोन घरांत बोलणंच बंद आहे. मध्ये पडावं का?

दोघांनीही तुम्हाला स्वतःहून काही सांगितलं असेल तर पडा. एकानेच सांगितलं असेल तर तुम्ही मध्यस्थ नाही, वकील आहात. निरोप पोचवताना विशेषणं गाळा. 'ते म्हणतात कुंडीचं पाणी गॅलरीत पडतं' एवढंच पुढे न्या; 'ते म्हणतात तुम्हाला अक्कल नाही' हे जिन्यातच सांडू द्या. समेट घडवून आणायची घाई नको. आधी एका लहानशा गोष्टीवर त्यांना एकत्र आणा, जसं की सामायिक पॅसेजमधल्या दिव्याचं बिल. दिवा दोघांनाही लागतो.

प्र. माफी कशी मागावी?

'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नाही. 'गाडी तुमच्या जागेत लावली, चुकलं, परत होणार नाही.' आणि मग खरंच लावू नका.

प्र. सगळं करून झालं. समोरचा बधतच नाही. मग?

मग कागद. कमिटीकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. कमिटी कागदपत्रं देत नाही, सभा घेत नाही अशा तक्रारींसाठी सहकार खात्याचे उपनिबंधक. दुरुस्ती, गळती, पार्किंगचं वाटप, ठरावांवरचे वाद यांसाठी सहकार न्यायालय. बेकायदा बांधकामासाठी महापालिका. मारहाण, धमकी, रात्रीचा डीजे यांसाठी पोलीस. महाराष्ट्रात ११२ हा नंबर चालतो. कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच येतो, की आधी त्यांना काय कळवलंत आणि कधी. तेव्हा तारखा असलेले मेसेज, पत्रांच्या प्रती आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच फाइलला टाचा.